साडूच्या नाकावर टिच्चून फिरतं घर

ऋषीचे फोटो आले तेव्हा सुदर्शन घोडेगावच्या पंचायत समितीत आपल्या टेबलामागे बसून एका गृहस्थांना 'उद्या या' असं सांगत होता. हे काम तो फार चांगलं करतो. आवाजात सहानुभूती, चेहऱ्यावर खेद, आणि कोपर मात्र खुर्चीच्या दांड्यावरून हलत नाही. पण त्या दिवशी 'उद्या' म्हणून झालं आणि 'या' म्हणायचं राहून गेलं, कारण मोबाइलवर फॅमिली ग्रुप वाजला होता. त्यात त्याचा साडू ऋषी समुद्रकिनारी एका भल्यामोठ्या पांढऱ्या गाडीच्या दारात उभा होता. भाड्यानं आणलेली असली तरी गाडीत पलंग होता, बेसिन होतं, पडदे होते. पुढच्या फोटोत ऋषीची बायको हर्षाली, म्हणजे सुदर्शनच्या अश्विनीची धाकटी बहीण, काळा चष्मा लावून त्याच गाडीच्या ओट्यावर पोहे परतत होती. पोहे परतायला काळा चष्मा कशाला लागतो, हा पहिला प्रश्न सुदर्शनच्या मनात आला. दुसरा प्रश्न त्यानं मनातसुद्धा विचारला नाही, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. हे फोटो अश्विनीनंही पाहिले असणार.

पाहिले होते. संध्याकाळी घरी गेल्यावर चहाचा कप पुढे ठेवत ती एवढंच म्हणाली, "हर्षालीनं पडदे छान निवडलेत." पडदे गाडीवाल्याचे होते, पण तो मुद्दा नव्हता.

ऋषीची नारायणगावला टोमॅटोची आडत. पैसा होता, मोठी गाडी होती, डोक्यावर केस होते. एवढं असूनही तो गर्विष्ठ असता तर सुदर्शननं निभावून नेलं असतं. वाईट माणसाचा मत्सर करणं सोपं असतं, त्यात थोडं पुण्यसुद्धा लागत असेल. पण ऋषी चांगला होता. भेटला की वाकून नमस्कार करायचा, 'दादा, तुम्ही सांगाल तसं' म्हणायचा, आणि सुदर्शननं सांगितलेला जुना विनोद पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. अशा माणसाबद्दल बायकोजवळ दोन शब्द वाईट बोलायचीही सोय नसते. सुदर्शनला सगळं आतल्या आत जिरवावं लागे आणि त्यानं त्याला पित्ताचा त्रास होई.

आता खरं दुखणं सांगायला हवं. दरवर्षी शिनोलीची, म्हणजे सासरवाडीची, यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी सगळं घर भीमाशंकरला दर्शनाला जायचं. सासरे सयाजीमामा, सासूबाई ठकूबाई, हर्षाली आणि अश्विनी हे सगळे ऋषीच्या मोठ्या गाडीत बसत. तिथं एसी होता, पाय पसरायला जागा होती. मागून आपल्या जुन्या छोट्या गाडीत सुदर्शन एकटा येई. एकटा म्हणजे, सोबत गॅसची टाकी, शेगडी, पातेली, सतरंजी आणि तळलेल्या पुऱ्यांचा डबा असे. घाटात पुढच्या गाडीच्या काचेतून अश्विनी मागे वळून हात करी आणि हर्षालीच्या कशावर तरी खळखळून हसे. सुदर्शनच्या शेजारी बसून ती अशी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं. सासूबाई तर सरळच म्हणत, "येऊ द्या मागून सामानाची गाडी, दमादमानं."

सामानाची गाडी! लग्नात ज्याला घोड्यावर बसवून आणलं होतं त्या थोरल्या जावयाची ही गत.

फोटो पाहिल्याच्या रात्री सुदर्शननं मोबाइलवर शोधाशोध केली आणि कुठल्याशा परदेशी माणसानं घरच्या घरी बनवलेला एक कॅम्पर त्याला दिसला. लहानसा दोनचाकी सांगाडा, त्यावर पाण्याच्या आडव्या थेंबासारखी गोलसर खोली, आत दोघांपुरती गादी, आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. छोट्या गाडीमागे आरामात ओढता येईल असा. सुदर्शन उठून बसला. यंदा भीमाशंकरला अश्विनी आपल्या गाडीत बसेल, कारण तिचं घर आपल्या गाडीमागे असेल. आपलं घर सोडून बहिणीच्या गाडीत कोण बसतं? हा विचार त्याला इतका बिनतोड वाटला की त्यानं तो अश्विनीला सांगितलाच नाही.

सकाळी त्यानं आलेखाच्या कागदावर चित्र काढलं. अश्विनीनं ते एका बाजूनं पाहिलं, मग फिरवून पाहिलं.

"करंजी आहे का?"

"कॅम्पर आहे. मी बनवणार आहे."

"तुम्ही?" असं म्हणून ती जे थांबली ती थांबलीच. अंघोळीचं पाणी उतू जाईपर्यंत दोघंही तसेच उभे होते. घरातला साधा पंखा दुरुस्त करायचा तर सुदर्शन आधी दोन दिवस त्याच्याकडे बघत राही, हे तिला ठाऊक होतं.

सांगाडा मिळाला तो मांडववाल्याकडचा. लग्नात जनरेटर ओढून नेण्याचा त्याचा जुना दोनचाकी गाडा गंजत पडला होता. सुदर्शननं तो घरी आणला त्या दिवशी गल्लीतल्या तिघांनी कुणाचं लग्न ठरलं म्हणून विचारलं, आणि एकानं तर आपल्या पुतणीच्या हळदीसाठी तारीख धरून ठेवायला सांगितलं. पुढचं काम त्यानं स्टँडमागच्या बहिरू वेल्डरला दिलं. बहिरूचा हात पक्का होता, त्याबद्दल शंका नव्हती. फक्त त्याच्या हाताला काही वळणं पडून गेली होती, आणि ती काय होती याची चौकशी सुदर्शननं वेळेवर केली नाही.

"लांबी किती धरायची, भाऊ?" बहिरूनं विचारलं.

"माणूस झोपेल एवढी."

"झोपा मंग."

सुदर्शन वर्कशॉपसमोरच्या जमिनीवर आडवा झाला आणि बहिरूनं त्याच्या भोवतीनं खडूची रेघ मारली. कुठल्याही अपघातानंतर पोलीस मारतात तशीच ती दिसत होती. दोन रिक्षा थांबल्या, एसटीतून लोक डोकावले, आणि भाजी घेऊन परतणाऱ्या अश्विनीला कुणीतरी हळहळून सांगितलं की पंचायत समितीतला क्लार्क गेला. ती पिशवी टाकून धावत आली तेव्हा तो क्लार्क कुशीवर वळून गुडघे दुमडत होता, कारण थेंबाची शेपटी निमुळती होत जाते आणि सरळ पाय तिथं मावत नाहीत.

"म्हणजे आत पाय दुमडूनच झोपायचं?" घरी गेल्यावर तिनं विचारलं.

"दोघांनी एकाच बाजूला."

"आणि कूस बदलायची असली तर?"

"एकमेकांना विचारून," सुदर्शन म्हणाला. संसारात ही पद्धत आधीच असायला हवी होती असं त्याला वाटून गेलं.

आता सल्ल्यांना सुरुवात झाली. शेजारच्या वैजयंतीताईंनी वास्तूचा कोर्स ऑनलाइन केलेला होता. त्या पदर खोचून गाड्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, दार पूर्वेला ठेवा. आणि दक्षिणेकडं पाय करून झोपायचं न्हाई, एवढं पाळा."

"अहो ताई, चाकं आहेत त्याला. रस्ता वळेल तशी दिशा बदलणार."

वैजयंतीताईंनी डोळे मिटून विचार केला. "मग वळणावर उठून बसायचं," त्या म्हणाल्या. घोडेगाव ते भीमाशंकर किती वळणं आहेत हे माहीत असणाऱ्यालाच या सल्ल्याची किंमत कळेल.

बाकी सगळ्यांचा सल्ला एकच होता, आणि तो बिबट्याचा. जुन्नर-आंबेगावात उसाच्या कडेला उघड्यावर झोपायचा बेत कुणी बोलून दाखवला तर दुसरा विषय निघूच शकत नाही. "प्लायवूडच्या खोक्यात झोपणार? म्हंजे त्याला डबाच दिला की तुमी, लई झाकपाक करून." "खिडकीला गज लावा, राव." "पत्रा मारा भायेरनं." "दार भक्कम पायजे." सुदर्शन सरकारी माणूस. ज्याला जे पाहिजे ते देण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, पण घाबरण्याचा होता. खिडकीला गज लागले. प्लायवूडवर पत्रा चढला. रंग हार्डवेअरवाल्याकडे एकच शिल्लक होता, गडद हिरवा, तो दिला गेला. आणि दाराचं बहिरूनं स्वतःच्या मनानं केलं.

ते दार बाजूला उघडत नव्हतं. ते वर सरकायचं, आणि सोडलं की धाडकन खाली पडायचं. वर बाहेरून खिट्टी आणि खिट्टीला कुलूप.

"हे असं कसं दार, बहिरू?"

"अवो, आपल्या हातचं ठरलेलं दार हाय ते," बहिरू अभिमानानं म्हणाला. "एवढे पिंजरे केले बिबट्याचे, एकाची तक्रार न्हाई. एकदा आत गेला की भायेर येत न्हाई."

सुदर्शननं कपाळाला हात लावला. पण यात्रा तोंडावर आली होती आणि दार दुसरं करायला बहिरूला वेळ नव्हता. शिवाय लांबून, डोळे थोडे बारीक करून पाहिलं, तर ती वस्तू सुंदरच दिसत होती.

नोंदणीचं लचांड मध्येच उपटलं. कुठल्याशा आरटीओ एजंटानं फोटो पाहून विचारलं, "हे आहे काय?"

"फिरतं घर."

"घर असेल तर ग्रामपंचायतीत जा."

ग्रामपंचायतीत गेल्यावर सांगण्यात आलं की चाकं काढा, लगेच घरपट्टी लावतो. पुन्हा एजंट. तो म्हणाला, उद्या या. सहानुभूतीचा आवाज, खेदाचा चेहरा, हात दांड्यावर. सुदर्शनला राग आला नाही, उलट या माणसाच्या कामातली सफाई पाहून आदरच वाटला. शेवटी एजंट म्हणाला, "शेतीचा गाडा म्हणून बसवून टाकू. आत काय वाहणार?"

"गादी."

"गादी शेतमाल नाही, साहेब. फोमची का कापसाची?"

"कापसाची."

"मग झाला शेतमाल. फक्त चालू गाडीत आत माणूस बसवायचा नाही, आधीच सांगून ठेवतो." सुदर्शननं मान डोलावली. माणसं त्याच्या गाडीत बसतच कुठं होती?

यात्रेच्या दिवशी तो कॅम्पर ओढत शिनोलीत शिरला तेव्हा घरासमोर मांडव होता, मांडवात पाहुणे होते, आणि पाहुण्यांच्या पुढे खुर्ची टाकून सयाजीमामा बसले होते. सयाजीमामा ऋषीला 'ऋषीराव' म्हणत आणि सुदर्शनला 'पावणं'. शेकडो पाहुण्यांतला एक. आज मात्र ते उठून उभे राहिले.

"पावणं, ह्ये काय आणलंय?"

"मामा, हे मी स्वतः बनवलंय," सुदर्शन म्हणाला. हे वाक्य त्यानं वाटेत पाठ केलं होतं. त्यानंतर एकच गोष्ट उरली होती, कॅम्पर मागे घेऊन बाजूला लावणं.

मागे गाडा जोडलेली गाडी रिव्हर्स घेताना स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं की गाडा डावीकडे जातो. सुदर्शनला हे वाचून माहीत होतं. पण वाचलेलं आणि हाताला कळलेलं यात फरक पडतो. कॅम्पर आधी गोठ्याकडे गेला, मग मांडवाच्या खांबाकडे, मग गाडी आणि गाडा एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले. पाहुण्यांपैकी प्रत्येकजण सूचना करत होता आणि दोन सूचना एका बाजूच्या नव्हत्या. घामानं सुदर्शनचा शर्ट पाठीला चिकटला. तेवढ्यात ऋषी धावत आला, वाकून नमस्कार केला, "दादा, मी बघू का?" म्हणाला, आणि एका हातानं स्टीअरिंग फिरवत, दुसऱ्या हातानं कुणाशी तरी फोनवर टोमॅटोचा भाव बोलत, कॅम्पर एका दमात चिंचेखाली नेऊन लावला. लहानपणापासून ट्रॅक्टर-ट्रॉली मागे घेतलेला माणूस तो. मांडवातून टाळ्या पडल्या. ऋषी ओरडून सांगत होता, "टाळ्या दादांना वाजवा, बनवलाय त्यांनी!" हा चांगुलपणा सुदर्शनच्या जिव्हारी लागला. अश्विनीनंही टाळ्या वाजवल्या होत्या. तिच्या बांगड्यांचा आवाज त्यानं बरोबर ओळखला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून भीमाशंकरला निघायची तयारी झाली. मागच्या ओट्याचं झाकण पत्र्याच्या वजनानं उघडेना, म्हणून शेगडी, टाकी आणि पातेली सुदर्शननं पुढच्या सीटवर रचली होती. तेवढ्यात अश्विनी आली. नवी साडी, केसात अबोली, खांद्याला पर्स, आणि ती सरळ त्याच्या गाडीकडे येत होती. ऋषीच्या नव्हे, त्याच्या. तिनं दार उघडलं. पुढच्या सीटवर पुऱ्यांचा डबा बसला होता, त्याला सीटबेल्टही लावलेला होता.

"जागा धरून ठेवलीत का ह्याला?" ती म्हणाली.

सुदर्शन डबा कुठं ठेवावा याचा विचार करू लागला. त्याचे विचार सावकाश चालतात हे आधी आलंच आहे. तेवढ्यात तिकडून हर्षालीनं हाक मारली, "ताई, ये गं इकडं, एसी लावलाय!" अश्विनीनं क्षणभर वाट पाहिली, मग दार लावलं आणि गेली. सुदर्शन डबा मांडीवर घेऊन बसून राहिला. एवढा गाडा केला, पत्रा मारला, खडूत झोपला, आणि शेवटी पुऱ्यांनी दगा दिला. मोठ्या गाडीच्या मागच्या काचेत अबोलीचा गजरा दिसत होता. त्याला ऋषीचा, हर्षालीचा, त्या एसीचा आणि खरं म्हणजे त्या गजऱ्याचासुद्धा हेवा वाटला.

आणि मग सयाजीमामा आले. "म्या ह्याच्यात झोपून येतो. यात्रंचं जागरान झालंय."

"मामा, चालू गाडीत आत बसायचं नसतं."

"मी कुठं बसतोय? झोपतोय." सयाजीमामांना नाही म्हणायची शिनोलीत पद्धत नव्हती. ते आत शिरले, पाय दुमडले, दार धाडकन पडलं आणि अश्विनीनं गाडीतून उतरून नेमानं कुलूप लावलं. घरातल्या सगळ्या किल्ल्या तिच्याच पर्समध्ये असतात. ती किल्ली पर्समध्ये टाकून पुन्हा पुढच्या गाडीत जाऊन बसली. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

डिंभ्याच्या पुढं चढ लागला आणि मोठी गाडी वळणाआड गेली. सुदर्शन दमादमानं येत होता. एका वाडीजवळ रस्त्यावर म्हशी होत्या, तिथं त्याला थांबावं लागलं. म्हशींमागचा जानकू नावाचा म्हातारा काठी टेकत जवळ आला. त्यानं कॅम्परचा हिरवा रंग पाहिला, गज पाहिले, वरून पडणारं दार पाहिलं, दारावरचं कुलूप पाहिलं. मग आतून आवाज आला. सयाजीमामा घोरत होते. ते घोरणं शिनोलीत तीन घरं पलीकडे ऐकू जायचं, इथं तर पत्र्याच्या आतून येत होतं.

जानकू मागे सरला. "आणला रं बाबा!" तो वाडीकडे तोंड करून ओरडला. "खालचा बिबट्या आणला! आपल्या हद्दीत सोडत्यात!"

खाली उसात धरलेले बिबटे वर डोंगरात आणून सोडतात, असा तिकडं कायमचा बोलबाला. खरंखोटं देव जाणे, पण त्या वाडीतल्या शेळ्या गेल्या होत्या आणि माणसं वाटच बघत होती. बघता बघता रस्ता भरला. कोणी फोन लावून वरच्या गावाला कळवत होतं की गाडी निघालीय, रस्ता धरा. सुदर्शन खाली उतरला.

"अहो, हा कॅम्पर आहे. फिरतं घर."

"घराला गज कशाला?"

"बिबट्या आत येऊ नये म्हणून."

"मंग आत कोण हाय?"

"माझे सासरे."

एवढं धडधडीत खोटं त्या रस्त्यावर आजवर कुणी बोललं नव्हतं. "सासऱ्याला कुलूप घालून कोण नेतं?" एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "नेत असंल बी, पण सासरा असा घोरतो व्हय?" सुदर्शननं कुलपाला हात घातला आणि मग त्याला आठवलं की किल्ली अश्विनीकडे, अश्विनी ऋषीच्या गाडीत, आणि त्याच्या सिमला इथं रेंज नाही. तो ओशाळून म्हणाला, "किल्ली बायकोकडं आहे."

"आन बायकू?"

"साडूच्या गाडीत." जमलेल्या सगळ्या माणसांसमोर, भर रस्त्यात, त्याला आपल्या तोंडानं हे सांगावं लागलं. गर्दीतल्या एकदोघांच्या चेहऱ्यावर तर रागाऐवजी कीवच दिसली.

गलक्यानं सयाजीमामा जागे झाले. अंधार, पाय दुमडलेले, दार बंद. त्यांनी जो पत्र्यावर हात मारला आणि जी डरकाळी फोडली, तिच्यात शब्द होते की नाही हे कुणाला कळलं नाही. रस्ता मोकळा झाला. म्हशीसुद्धा गेल्या. जानकू दरडीवरच्या करवंदीच्या जाळीत कधी चढला ते त्याचं त्यालाही समजलं नाही.

मागची गाडी दिसेना म्हणून ऋषी तेवढ्यात परत आला. अश्विनीनं उतरून कुलूप काढलं, दार वर सरकवलं, आणि सयाजीमामा टोपीशिवाय, धोतर सावरत, रांगत बाहेर आले. हळूहळू दरडीवरून, झाडामागून माणसं डोकावली. मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. सयाजीमामा तर खूशच झाले. यात्रेत दोन दिवस त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं, इथं एका हाकेत अख्खी वाडी पळाली होती. जानकूच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणाले, "अजून आवाज हाय, राव!"

हर्षाली हसली, ठकूबाई हसल्या, अश्विनीही तोंडाला पदर लावून हसत होती. वाडीवाल्यांकडून किल्लीचा किस्सा ऐकून घेत ऋषी मोबाइल समोर धरून सगळं टिपत होता. "दादा, एक नंबर रील होतंय! फक्त तुम्ही परत एकदा ते म्हणा ना, किल्ली बायकोकडं आहे. जरा रडकं तोंड करून. मघाशी केलं असेल तसंच."

सुदर्शन मैलाच्या दगडावर बसला होता. हातात सासऱ्यांची टोपी, शर्टाला हिरवा रंग लागलेला. तो उठलासुद्धा. म्हणजे, साडूनं सांगितलं म्हणून रडकं तोंड करायला तो खरोखरच उठला. अश्विनीचं हसू तिथंच थांबलं.

"भाऊजी, बंद करा ते."

"अहो ताई, गंमत..."

"त्यांच्यावर हसायला मी हाय," ती म्हणाली. चिडली की तिच्या तोंडी शिनोली यायची. "तुमी न्हाई. एवढा खपून केलाय त्यांनी. तुमी काय केलंय सोताच्या हातानं? भाड्यानं आणलं आन उभं ऱ्हायला."

अश्विनी सुदर्शनच्या गाडीकडे गेली, पुऱ्यांच्या डब्याचा सीटबेल्ट काढला, डबा, शेगडी, पातेली एकेक करून मागच्या सीटवर टाकली आणि पुढे बसली. दार जोरात लावलं. "चला," ती म्हणाली, "आन खिडकी खाली करा. उकडतंय."

सुदर्शनला गाडी चालू करायला तीनदा किल्ली फिरवावी लागली.

पण ऋषी तो ऋषीच. मनात काही ठेवायचा नाही, हा त्याचा दोष होताच. तो खिडकीशी आला, कान पकडले, "चुकलं, ताई," म्हणाला. मग सुदर्शनला म्हणाला, "दादा, गाडी हर्षाली चालवेल, मामा तिच्याबरोबर येतील. मी आत झोपून येऊ का? खरंच लई भारी बनवलाय. बघून तुमचा हेवा वाटतो." हे त्यानं इतक्या सहज म्हटलं की सुदर्शनला ते सांभाळून ठेवायलाही वेळ मिळाला नाही. ऋषी आत शिरला, पाय दुमडले, दार धाडकन पडलं. अश्विनीनं उतरून कुलूप लावलं. मोठी गाडी पुढे निघून गेली.

घाटाचा चढ पुन्हा लागला. एका वळणावर अश्विनी म्हणाली, "आता उठून बसायला पायजे भाऊजींनी, वास्तूप्रमाणं," आणि खळखळून हसली. सुदर्शनच्या शेजारी बसून. तो इतका सुखावला की गिअर बदलायचा राहिला आणि गाडी धापा टाकू लागली. मागून ऋषीचं घोरणं येत होतं. यात्रेचं जागरण त्यालाही होतंच. घोरण्यात मात्र तो सयाजीमामांच्या पासंगालाही पुरत नव्हता, हे सुदर्शननं समाधानानं ऐकून घेतलं.

वरच्या गावाशी रस्ता माणसांनी अडवला होता. खालून आलेला निरोप त्यांना पोचला होता, पुढची हकिगत पोचली नव्हती. काठ्या होत्या, कोयते होते, आणि सगळ्यांच्या पुढे अंबाबाई नावाची एक धिप्पाड म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं मागचे गज पाहिले, कुलूप पाहिलं, कान देऊन घोरणं ऐकलं. मग ती सुदर्शनच्या खिडकीशी आली.

"काय रं बाबा, आत काय हाय?"

सुदर्शननं घसा साफ केला. कॅम्पर, फिरतं घर, गज का आहेत, सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण त्याच्या आधी अश्विनी त्याच्या पुढून खिडकीकडे वाकली.

"बिबट्या हाय, आजी," ती म्हणाली. "नारायणगावात धरलाय. लई माजला व्हता."

गर्दी एकदम मागे सरकली. अंबाबाईनं हाळी दिली आणि माणसं काठ्या सरसावून कॅम्परभोवती रिंगण धरू लागली. आतलं घोरणं थांबलं. मग पत्र्यावर टकटक झाली आणि ऋषीचा झोपाळू, आदबशीर आवाज आला, "दादा? पोचलो का?"

सुदर्शननं अश्विनीकडे पाहिलं. अश्विनीनं मांडीवरच्या पर्सची चेन नीट लावून घेतली, मागे हात घालून पुऱ्यांचा डबा पुढे घेतला आणि झाकण उघडून त्याच्यासमोर धरला. सुदर्शननं गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला आणि एक पुरी उचलली.